विश्रांती भुवनातली दुपारची गाडी

नगरला जाऊन आलो म्हटले की लोक दोनच गोष्टी विचारतात. किल्ला पाहिला का, आणि चांदबिबीच्या महालावर चढलात का. मी दोन्ही पाहिले नाहीत. किल्ल्यात कोंडलेली मोठी माणसे सुटून गेली, आता तो बाहेरून तरी पाहून या, असे शेजारच्या मास्तरांनी निघताना बजावले होते. परत आल्यावर त्यांना काय सांगावे ते सुचेना, म्हणून हे लिहायला बसलो.

मी पाहिले ते एक हॉटेल, अर्धे पाडलेले आणि अर्धे उभे. ऐन उमेदीत मी तिथे व्यवस्थापक होतो. ते झपाटलेले आहे असा बोभाटा सगळ्या नगरात झाला, त्याचे मूळ मी आहे. हे आजवर घरातही बोललो नाही. ज्यांना प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी असेल त्यांनी ही पाने खुशाल उलटावीत.

निरोप पौषात आला. नगरचे एक कापडवाले मुलीचे स्थळ पाहायला आमच्या वाईला आले होते. ते माझ्या दुकानात पाट्या-पेन्सिली घ्यायला शिरले आणि त्यांनी मला ओळखले. म्हणाले, तुमच्या विश्रांती भुवनाला नवे रूप येते आहे. मालक भाऊराव गेले, त्यांची लेक गोदू सगळे नव्याने बांधते आहे, पण मागच्या एका खोलीपाशी काम अडले आहे. गोदूचे म्हणणे, शब्द दामूकाकांनी, म्हणजे मी, दिला होता, तो त्यांनीच येऊन सोडवावा. मी हसून विषय बदलला. आठ दिवसांनी वाठार स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभा होतो.

नगर, मंगळवार

वाईची थंडी ओली असते, अंगाला चिकटते. नगरची कोरडी. ओठ फुटतात आणि माणूस नकळत गप्प होतो. स्टेशनाबाहेर टांगा केला. लढाई संपली तरी माळीवाडा वेशीपाशी लष्करी लॉऱ्या रांगेने उभ्या होत्या आणि त्यांचे सुटे भाग रस्त्यावर विकायला मांडले होते. टांगेवाल्याला ठिकाण सांगितले तर तो मागे वळून म्हणाला, "इस्रांती भुवन म्हंजी गाडीवाल्या बाबाचं हाटेल ना? सोडतो की. पन लोक तिथं दुपारचं बी जात न्हाईत."

गाडीवाला बाबा कोण, हे मी विचारले नाही. 

हॉटेल कापड बाजाराच्या मागच्या अंगाला आहे. मध्ये चौक, भोवती दोन मजल्यांच्या खोल्या, पुढे चहा-फराळाचे दालन. दालनाची भिंत काढली होती आणि लाकडी खांबांच्या जागी लष्कराच्या मोडीतल्या लोखंडी तुळया चढवल्या होत्या. सिमेंट कुठे मिळत नाही, म्हणून चौकातच जुन्या पद्धतीने चुन्याची घाणी मांडली होती. रेडा गोल फिरत होता, दगडी चाक चरात चुना रगडत होते, आणि चिवटपणा यावा म्हणून त्यात बेलफळाचे पाणी आणि गूळ पडत होता. सगळ्या इमारतीला गुळाचा वास येत होता. बाहेरच्या माणसाला तो गोड वाटला असता. मी नाकाला उपरणे लावले.

गोदू पुढे आली. मी पाहिली होती ती दोन वेण्यांची, लग्नाआधीची. आता कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळ मोकळे, आणि आवाज थेट भाऊरावांचा. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "काका, मिशा पांढऱ्या झाल्या, पण चालणं तेच. भिंतीला धरून."

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. आमच्याकडे हुलगे बैलाला घालतात. इथे त्याच्या पिठाची वेटोळी लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवतात आणि थंडीत पाहुण्याला मानाने वाढतात. मी दोनदा मागून घेतले. साखर रेशनवर असल्यामुळे वर गुळाचा चहा आला. त्यातले दूध नासले होते आणि त्याबद्दल कोणी माफीही मागितली नाही.

चहा हातात असतानाच लांबून, स्टेशनाच्या बाजूने, शिट्टी ऐकू आली. मनमाडकडून येणारी दुपारची पॅसेंजर. दालनातले बोलणे थांबले. मग शिरपत आचारी, परातीतले पीठ मळता मळता, मागच्या खोल्यांकडे मान वळवून अगदी सहज म्हणाला, "न्हाई आली, बाबा." आणि पुन्हा पीठ मळू लागला. लोक पुन्हा बोलू लागले.

मी काही ऐकले का? शपथेवर सांगायचे तर नाही. पण शिट्टी संपल्यापासून शिरपतचे उत्तर येईपर्यंत बरोबर एका प्रश्नाएवढी जागा होती.

गोदूने मग सांगितले ते असे. मागची ती बंद खोली सोडून तिच्या शेजारची खोली वडील भाड्याने देत. दुपारी गिऱ्हाईक गल्ल्यापाशी येऊन म्हणे, पलीकडचे म्हातारबा गाडी आली का विचारताहेत, त्यांना कोणीतरी सांगा. पलीकडे कोणी राहत नाही असे कळले की बहुतेक जण बोचके तिथेच टाकून चालते होत. एका लष्करी कारकुनाने तर भिंतीतून सगळे वेळापत्रक समजावून सांगितले आणि कळल्यावर तापाने फणफणला. शेवटी एके दिवशी भाऊराव वैतागून गल्ल्यावरूनच ओरडले, नाही आली. त्या दिवशी पुन्हा विचारणे झाले नाही. तेव्हापासून रिवाज पडला. शिट्टी झाली की जो कोणी पुढे असेल त्याने उत्तर द्यायचे.

"शिरपत कामाला लागला तेव्हा त्याला दोन गोष्टी शिकवल्या," गोदू म्हणाली. "भाकरीचं पीठ किती भिजवायचं आणि बाबाला काय सांगायचं."

मी विचारले, "आली" असे कोणी का सांगत नाही?

"एका वाढप्यानं सांगितलं होतं थट्टेनं. तर आतून विचारलं, कुठाय? आता याला काय उत्तर देणार काका? मग आतली कडी वाजायला लागली. दिवेलागणीपर्यंत वाजत होती."

सीनेच्या काठी

संध्याकाळी कोणाला न सांगता नालेगावच्या बाजूने सीनेवर गेलो. वाईला कृष्णा बारमाही घाटाला लागून वाहते, तिथे मेलेल्या माणसालाही सोबत असते. सीना त्या दिवसांत वाळूची. मधे एक बारीक धार, तिच्यात म्हशी. काठावर दहाव्याचे दगड होते तसेच होते. बाभळही होती. कावळे मात्र तेच असण्याचा संभव नाही.

जे घडले ते इथेच बसून मनाशी प्रथम सरळ सांगितले. तसेच लिहितो.

लढाईच्या बऱ्याच आधीची गोष्ट, वैशाखातली. भाऊराव काशीला गेले होते आणि हॉटेल माझ्या एकट्याच्या हाती होते. एका बड्या लग्नाने सगळा वरचा मजला आणि चौक घेतला होता. त्याच आठवड्यात राहुरीकडचा रंभाजी नावाचा गुळाचा व्यापारी उतरला. साधा, बोलका माणूस. गुळाच्या नमुन्याची ढेप फडक्यात बांधून खाटेखाली ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. वैद्य म्हणाले, छातीत जोर नाही, याच्या माणसांना बोलवा. त्याला एकच लेक, भागूबाई, बेलापुरात दिलेली. मी त्याला सांगितले, तार करतो.

तार ऑफिसपर्यंत गेलो. पायरीवर उभा राहिलो. लेक येणार, मोठ्याने रडणार, वऱ्हाडाला कळणार की खाली माणूस जायला टेकला आहे. अपशकुन म्हणून ते दुसरीकडे उठून गेले असते आणि भाऊरावांना मी काय तोंड दाखवले असते? एक दिवस थांबू, उतार पडेल, असे म्हणत परत फिरलो. रंभाजीला मागच्या खोलीत हलवले, आणि तार केली म्हणून सांगितले.

दुपारी शिट्टी झाली की तो विचारायचा, "गाडी आली का?" गाडी आली म्हणजे भागू आली. मी पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावायचो आणि म्हणायचो, नाही आली अजून. लग्नाच्या दिवसापर्यंत हे रोज चालले. माझ्यावर त्याचा पुरा विश्वास होता. गाडीला आज उशीर दिसतो, असे उलट तोच मला समजवायचा.

लग्नाच्या दिवशी, चौकात मंगलाष्टके चालू असताना, तो गेला. मी दाराला कुलूप लावले. अक्षता टाकायला बाहेर उभा राहिलो. पंगतीत जिलेबी वाढली. मुलीची पाठवणी झाल्यावर कुलूप काढले आणि आरडाओरडा केला, जणू आत्ताच कळले. तार तेव्हा केली. उन्हाळ्याचे दिवस, प्रेत ठेवणे शक्य नव्हते. भागूबाई दुसऱ्या दिवशी त्याच दुपारच्या गाडीने आली, तेव्हा तिला राख दाखवली.

दहाव्याला जावई पिंड द्यायला बसला. कावळा शिवेना. उन्हाने वाळू पोळत होती. जावई म्हणाला, लेकीला अंतर देणार नाही. कावळे बाभळीवर बसून राहिले. मग कोणीतरी म्हणाले, हॉटेलात गेला ना, हॉटेलवाल्यांनी काही बोलावे. मला पुढे ढकलले. मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, तुमची खोली कोणाला देणार नाही. हे जिभेवर आले ते बोललो, आणि ऐकणाऱ्यांना मी भला वाटलो. पण त्याच क्षणी मनात म्हणालो, मी तुमच्या लेकीला खरे सांगेन.

कावळा उतरला.

तो कोणत्या शब्दाला उतरला ते एकट्या मला ठाऊक होते. भाऊराव काशीहून आले, त्यांनी माझा बोललेला शब्द पाळला, खोली बंद ठेवली. न बोललेला मी पाळायचा होता. वर्षाच्या आत नोकरी सोडली. वाईला दुकान थाटले ते कृष्णामाईसाठी, असे लोकांना सांगतो. वाईला आगगाडी नाही. शिट्टी ऐकू येत नाही. कारण हे.

नगर, बुधवार

सकाळी चौकात गडबड. गवंड्यांची माणसे कामाला हात लावेनात. ओसरीवरून मागच्या बंद खोलीच्या दारापर्यंत पांढरी पावले उमटली होती, एकाच पायाची. आत जाणारी होती, परतीची नव्हती. एक मजूर टोपी काढून रामनाम घेत होता.

कासमभाई मिस्त्रींनी पावलांकडे पाहिले, मग माझ्या डाव्या वहाणेकडे पाहिले, आणि दाढीतल्या दाढीत हसले. सीनेवरून येताना मी चुन्याच्या चरात पाय घातला होता. पायाची आग आग झाली म्हणून शिरपतने तेलही चोळले होते. त्या दारापर्यंत गेलो होतो हे मात्र मी त्याला सांगितले नव्हते. परत येईपर्यंत चुना झडून गेला असावा. सगळे हसले आणि कामे सुरू झाली. माझ्या पायाची आग मात्र दिवसभर गेली नाही.

गोदूचा बेत असा की ही खोली आणि शेजारची, दोहोंमधली भिंत काढून बायका-मुलांना निवांत बसून खाता येईल असे दालन करायचे. भिंतीला हात लावायला मिस्त्री तयार नव्हते.

"भुताला मी भीत नाय," कासमभाई मला म्हणाले. "कावळ्याचं आमच्यात काही नाय. पण जबान दिलेली भिंत मी पाडत नाय. ज्याची जबान त्यानं परत घ्यावी. मग बघा, दिवेलागणीच्या आत सपाट करतो."

गोदूने नारळ माझ्या हातात दिला. मी दारापुढे उभा राहिलो. दोन शब्द म्हणायचे होते, खोली मोकळी केली. जीभ उचलेना. दाराच्या फटीतून गुळाचा वास येत होता. चौकातल्या चुन्याचा नव्हे, कोरडा, कोंडलेला. मी नारळ खाली ठेवला आणि गोदूला ओसरीवर बसवून सगळे सांगितले. लिहिले त्याहून वाईट शब्दांत सांगितले.

ती रडली नाही की ओरडली नाही. बराच वेळ किल्ल्या मोजल्यासारख्या बोटांतून फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्या बापानं तुमच्या शब्दासाठी भुताचं हॉटेल म्हणून लोकांचं ऐकून घेतलं. शेवटी दोन गिऱ्हाइकं यायची. आणि आम्ही सगळे मिळून त्या माणसाला इतकी वर्षं तुमचंच खोटं सांगत बसलो. शिरपतसुद्धा."

तिने खाली ठेवलेल्या नारळाकडे पाहिले.

"आधी तिला सांगून या," ती म्हणाली. "मग नारळ."

बेलापूर, गुरुवार

सकाळच्या गाडीने उत्तरेला निघालो. राहुरी सोडल्यावर मुलूख बदलतो. नगरभोवती नजर जाईल तिथवर काळीपिवळी बरड जमीन, आणि इथे प्रवरेच्या पाटाचे पाणी, दोन्ही अंगांना ऊस, गुऱ्हाळांचा धूर. ऊस तोडायला जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेकडून आलेल्या माणसांच्या पाचटाच्या कोप्या रुळाच्या कडेने लागतात. त्यांची पोरे गाडीला हात करत होती. स्टेशनपासून बेलापूर गाव लांब आहे. बैलगाडीत बसलो आणि काय बोलायचे ते जुळवू लागलो. प्रत्येक वेळी पहिलेच वाक्य मोडत होते.

भागूबाईंचे घर मळ्यात. धनी गुऱ्हाळावर गेलेले. त्या अंगणात शेंगा निवडत होत्या. चेहरा रंभाजीचाच, तीच रुंद हनुवटी. मला वाटले ओळखणार नाहीत. "पाव्हणं, सावलीला बसा," म्हणाल्या, पाणी दिले, माझ्या पांढऱ्या वहाणेकडे पाहिले. मी म्हणालो, मला तुम्हाला काही सांगायचे आहे. त्या म्हणाल्या, "आदी जेवा. उपाशी मानसाचं बोलनं खरं नसतं."

सांगण्याआधी त्यांचे अन्न पोटात जाऊ नये असे मी ठरवून आलो होतो. पण ताट पुढे आले. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, गुळाचा खडा. पहिला घास घेतला तोच त्या समोर बसत म्हणाल्या, "तुमी खोलीवालं न्हवं का? मगाच वळखलं."

हात ताटातच राहिला.

त्या शेंगा निवडता निवडता बोलत राहिल्या, माझ्याकडे न पाहता. बाप मायेचा होता, म्हणाल्या. आई नव्हती, तर वेणी घालायला शिकला होता. "पन जीव अडकला त्यो खोलीत. धन्यानं शबुद दिला माज्या नावानं, तरी कावळा हलला न्हाई. तुमी खोलीचं नाव काढलं आन् उतरला. सासूनं जलमभर हिनवलं मला. म्हनली, तुज्या बापाला लेकीपरास हाटेलातली खोली प्यारी. खोटं काय हुतं त्यात? तवापसनं मी आबाचं नाव काढलं न्हाई."

हे मला ठाऊक नव्हते. मी तिच्यापासून बापाची शेवटची भेट तोडली एवढेच मला ठाऊक होते. बापही तोडला होता, हे त्या अंगणात कळले.

"खोलीसाठी नाही, भागूबाई," मी म्हणालो. "ते तुमच्यासाठी अडले होते."

आणि मग सगळे सांगितले. तार ऑफिसची पायरी, वऱ्हाड, कुलूप, जिलेबीची पंगत, आणि मनात दिलेला शब्द. दुपारी शिट्टी झाली की अजूनही तिथे काय विचारले जाते आणि काय उत्तर दिले जाते, तेही सांगितले. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. 

"रोज इचारायचा?" त्यांनी विचारले.

"रोज."

"आन् तुमी म्हनायचा, न्हाई आली."

"हो."

"पानी कोन देत हुतं?"

"मी."

 मी ताटातून हात काढून घेतला.

"ताट टाकू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पुरं करा."

मी ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. त्या समोर बसून पाहत होत्या. भरीत तिखट होते का, खारट होते, मला सांगता येणार नाही. ताट स्वच्छ झाले तेव्हा त्यांनी ते उचलले आणि पाठमोऱ्या म्हणाल्या, "उंद्याच्या गाडीनं जायाचं. दुपारच्या."

रात्र मी मारुतीच्या देवळात काढली.

नगर, शुक्रवार

भागूबाई बायकांच्या डब्यात बसल्या, मी दुसऱ्या. निरोप पाठवायला वेळ नव्हता. आम्ही येणार हे हॉटेलात कोणालाही माहीत नव्हते, आणि मी एकटा परत येईन की नाही याचीही गोदूला खात्री नसावी. विळद मागे पडले, गाडी नगरच्या अंगाला लागली आणि इंजिनाने शिट्टी दिली. ती शिट्टी मी आयुष्यात कितीदा ऐकली असेल, पण नेहमी दुसऱ्या टोकाला उभा राहून. आता तिच्या मागे बसलो होतो. आत्ता शिरपत मान वळवून म्हणत असेल, असे मनात आले, आणि मी खिडकीचा गज घट्ट धरला.

टांग्यात आम्ही बोललो नाही. हॉटेलाच्या पायरीवर शिरपत उभा होता, कोपरापर्यंत हात पिठाने माखलेले. मला पाहून खाली उतरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मॅनेजरसाहेब, आज इचारलं न्हाई. शिट्टी झाली. मी तोंड उघडलं. पन इचारायला कुनी हुतंच न्हाई."

मग त्याला माझ्या मागे उभी असलेली बाई दिसली. ती कोण हे त्याला कोणी सांगितले नाही. तो बाजूला झाला आणि त्याने पिठाचे हात जोडले.

कुलूप गंजून एकजीव झाले होते. कासमभाईंनी पहारीने कोयंडा उचकटला. दार उघडले तेव्हा आतून थंड वारा आला, विहिरीत वाकल्यावर येतो तसा. खाट होती. पाण्याचा तांब्या आडवा पडला होता. खाटेखाली फडक्यात गुळाची ढेप होती तशी होती, पाझरली नव्हती, मुंगीही लागली नव्हती. कासमभाई दारामागे पाहत होते. मीही पाहिले. आतल्या कडीखालचे लाकूड घासून घासून खोलगट आणि पांढरे झाले होते.

भागूबाई आत गेल्या. खाटेच्या कडेला, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तशा बसल्या. आम्ही सगळे उंबऱ्याबाहेर. घाणीचा रेडाही कोणी थांबवला होता.

"आबा," त्या म्हणाल्या, "गाडी आली. मला उशीर झाला."

आतून कोणी काही बोलले असेल तर ते त्यांनाच माहीत. त्या पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून होत्या. मग उठल्या, तांब्या काखेला घेतला, गुळाची ढेप उचलून कासमभाईंच्या हातात दिली.

"चुन्यात घाला," म्हणाल्या. "आन् भित पाडा."

मी नारळ उचलला. भागूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः फोडला. मिस्त्रींनी बोलल्याप्रमाणे केले. दिवेलागणीपर्यंत त्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत फरक उरला नाही, आणि ढेप घाणीत रगडली जात होती.

शनिवारी मी आणखी एक दुपार राहिलो. शिट्टी झाली. दालनात कोणी काही बोलले नाही. शिरपतचे हात परातीत क्षणभर थांबले, आणि मग चालू लागले. गोदूने मला निघताना चहा दिला. पैसे घेतले नाहीत, पण पुन्हा या असेही म्हणाली नाही.

भागूबाईंची गाडी त्याच दिवशी, माझ्या आधी होती. त्यांना पोचवायला फलाटावर गेलो. डब्याच्या खिडकीत तांब्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माफी मागण्याचे धाडस मला अजून झाले नव्हते. ते ओळखूनच की काय, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि गाडी हलल्यावर म्हणाल्या,

"बेलापूरला परत यिऊ नका. आन् आलाच, तर उपाशी जाऊ नका."